आधी ब्रीदर बघा, दोरी नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचा जुना फार्गो ट्रक, त्यात पर्किन्सचं ६.३५४ इंजिन. रात्रभर उभी राहिली की खाली ताटाएवढा डाग पडतो, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) भोकातून ऑइल ठिबकतं, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) कायम ओलं. चिपळूणहून तीन-चार टन माल घेऊन कराडला परत येताना कुंभार्ली घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो. एक मिस्त्री म्हणतो मागची दोरी, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं दोरीचं सील, गेली, गिअरबॉक्स उतरवू. दुसरा म्हणतो इंजिनच खोला. तुमच्या स्वतःच्या मनात ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि दोन इलेक्ट्रिक पंखे आहेत.

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण या इंजिनात बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकमेकांत अडकलेलं असतं. इंजिन तापतं म्हणून ऑइल पातळ होतं आणि कॉर्कची पॅकिंगं भाजून कडक होतात. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून खाली निसटणाऱ्या वायूचा दाब, वाढलं की आतली हवा ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. अशा वेळी नवी दोरी घातलीत तरी महिन्याभरात तीही ओली होते, आणि दोष मात्र दोरीच्या माथी बसतो. म्हणून आधी मोजमाप, मग पाना.

माझं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. इंजिन खरंच ६.३५४ आहे का, हे ब्लॉकवरच्या नंबरावरून पक्कं करा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज-फार्गोंमध्ये आधीचं पी-६ इंजिनही सापडतं, आणि दोघांची पॅकिंगं एकमेकांना चालत नाहीत. ६.३५४ म्हणजे सहा सिलिंडर आणि ३५४ घन इंच, म्हणजे साधारण ५.८ लिटर. दुसरी गोष्ट, गाडी थंडीत पटकन सुरू होते का आणि ऑइल पिते का. सुरू व्हायला कुरकुर, निळा धूर आणि दर फेरीला लिटरभर ऑइल अशी स्थिती असेल तर दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर निघू शकतं. तसं नसेल तर इंजिन खोलायची घाई करू नका.

पहिलं काम धुण्याचं. डिझेल आणि ताठ ब्रशने पूर्ण इंजिन, चेंबर (खालची ऑइलची टाकी) आणि बेल हाउसिंग घासून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, हवा मारून कोरडं करा. डिझेलच्या पंपावर आणि डायनॅमोवर थेट पाणी मारू नका. मग अर्धा तास इंजिन चालवा, आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ऑइल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे ठिबकण्याची जागा ही गळण्याची जागा क्वचितच असते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरा, ओघळ कुठून निघाला ते पांढऱ्यावर स्पष्ट दिसतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून नेमकं बेल हाउसिंगच्या भोकातून टपकतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला गेला तर फुकटची हमाली.

त्याच भोकातून येणारं ऑइल बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते दाट, पिवळट असतं. ते निघालं तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे, इंजिनाची नाही.

आता बॅक कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून मंद चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच भोकावर ठेवा. थोडी फुंकर येणं साहजिक आहे. झाकण उडायला लागलं किंवा धुराचा लोट सुटला तर गडबड आहे. डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर जुन्या झाकणाला भोक पाडून निपल बसवा, त्याला पारदर्शक नळी जोडा, नळीला इंग्रजी यू सारखं वळण देऊन अर्धी पाण्याने भरा. ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) जोडलेलाच ठेवून इंजिन पूर्ण वेगाला न्या. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत राहिला तर ठीक. पाचच्या वर गेला तर कुठलंही सील टिकणार नाही.

फरक जास्त आला तरी लगेच रिंगांवर जाऊ नका. आधी ब्रीदरची नळी आणि जाळी काढा. जाळीत काजळी आणि ऑइल मिळून डांबरासारखा थर बसतो. आठवड्यात दोनच दिवस चालणाऱ्या गाडीच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर सापडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. नळी वाकून चेपली असेल, किंवा कुणी गळती थांबवायला तिच्या तोंडात चिंधी कोंबली असेल, तर तेही तिथेच कळेल. जाळी डिझेलमध्ये भिजवून साफ करा आणि पुन्हा मोजा. तरीही आकडा वरच राहिला तर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. एखादं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चौरस इंचाला ५० पौंडांहून जास्त कमी निघालं, तर त्या सिलिंडरची रिंग, लायनर किंवा वॉल्व्ह. मग गॅसकेटांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, इंजिनाचं काम आधी.

अजून एक तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. डिपस्टिकवर ऑइल कमी न होता वाढतंय का? गळती असूनही पातळी तशीच किंवा वर असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. फीड पंपाचा डायाफ्रॅम फाटला किंवा इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की असं होतं. डिपस्टिकचा थेंब जुन्या वर्तमानपत्रावर टाका. काळ्या ठिपक्याभोवती फिकट, रुंद, तेलकट कडं पसरलं आणि वासही आला, तर डिझेल आहे. असं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, दोरीतून सुटतं आणि बेअरिंगांचाही घास घेतं. गरम इंजिनाला पूर्ण वेगावर ऑइलचा दाब ३० ते ६० पौंड हवा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, की मग पॅकिंगांकडे वळायचं, आणि तेही वरून खाली.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग कॉर्कचं असतं. ते गळतं याचं मुख्य कारण म्हणजे प्रत्येक मिस्त्रीने बोल्ट आणखी एक फेरा आवळलेला असतो. पत्रा बोल्टजवळ दबतो आणि मधे कमान होते. कव्हर काचेवर उलटं ठेवून उजेड कुठून येतो ते बघा, दबलेल्या जागा लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करा. पॅकिंग कव्हरला चिकटवा आणि हेडच्या बाजूने कोरडं ठेवा, म्हणजे टॅपेट सेट करायला कव्हर पुन्हा काढलं तरी ते फाटत नाही. उघडलंच आहे तर टॅपेटची फट बघून घ्या, थंड इंजिनाला १२ थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश.

ऑइल फिल्टरचा वाडगा काढाल तेव्हा वरच्या खोबणीत जुनी रबर रिंग चिकटून राहिली आहे का ते टोकदार सळीने तपासा. नवी रिंग जुनीवर बसवली की पहिल्या दिवशी कोरडं दिसतं, आणि ऑइल गरम होऊन दाब आला की पिचकारी सुटते. दाबाच्या नळ्यांचे तांब्याचे वायसर पुन्हा वापरणार असाल तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि नीट बसतं.

पुढचं क्रँक सील गळत असेल तर पुली काढल्यावर सील जिथे घासतं तिथे नखाने चाचपा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवं सील त्याच खाचेत बसून पुन्हा गळणार. एक तर पुलीच्या त्या भागावर पातळ स्लीव्ह चढवा, नाहीतर सील नेहमीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत दाबा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी फिरेल. आत दाबताना मागच्या ऑइल फेकणाऱ्या चकतीला सील टेकत नाही हे बघून घ्या.

चेंबरची गोष्ट टॅपेट कव्हरसारखीच, फक्त तिथे दोन्ही टोकांना कॉर्कच्या अर्धगोल पट्ट्या असतात, आणि गळती बहुतेक त्या पट्टी आणि बाजूचं पॅकिंग जिथे भेटतात त्या चार कोपऱ्यांतून होते. तिथे सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका पुरे. पूर्ण पॅकिंगवर सिलिकॉन थापणं वाईट, कारण आत पिळून उतरलेला सिलिकॉनचा धागा सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. कॉर्क बाजूने फुगायला लागला की आवळणं थांबवा, आणि इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा एकदा हाताने बघा.

आता आट्यांबद्दल, कारण जुन्या पर्किन्सचं निम्मं नुकसान इथे होतं. हे इंजिन इंचातलं आहे. ५/१६ चा जाड आट्याचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, त्याचे आटे इंचाला १८, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर. दुकानात सहज मिळणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट १.२५ च्या आट्याचा. हाताने तो दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि मिस्त्री म्हणतो, ‘गंज आहे, पान्याने जाईल.’ जातो खरा, पण ब्लॉकमधले आटे घेऊन. तुमच्या चेंबरचे काही बोल्ट वेगळ्या डोक्याचे दिसत असतील तर ते आधी तपासा.

एवढं करून, धुऊन, पुन्हा चालवून बेल हाउसिंगमधून इंजिन ऑइलच येत असेल, तरच दोरी. कामाची पद्धत सांगतो, कारण दोरी कशी बसवली यावर सगळं अवलंबून आहे.

गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील आणि त्याचं हाउसिंग उतरवल्यावर क्रँकच्या मागे दोन अर्ध्या तुकड्यांचं सील हाउसिंग दिसतं. क्रँक काढावी लागत नाही, मात्र चेंबर उतरवावं लागतं. जुनी दोरी ॲसबेस्टॉसची असते, ती कोरडी खरवडू नका आणि तिच्यावर हवा मारू नका, ऑइलने ओली करून काढा. क्रँकच्या त्या भागावर बारीक पेचदार खाचा दिसतील. त्या झीज म्हणून पोलिश पेपरने घासून काढू नका, फिरताना ऑइल परत आत ढकलायला त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. याच कारणाने बाजारात कुणी ओठाचं रबरी सील बसवून देतो म्हणाला तर आधी क्रँक बघा. पेचाच्या खाचांवर रबराचा ओठ किसणीवर धरल्यासारखा कापला जातो.

हाउसिंगचा अर्धा भाग बाकात (व्हाइसमध्ये) खोबण वर करून धरा. दोरीची दोन्ही टोकं आधी बसवायची, प्रत्येक बाजूला इंचभर. टोक हाउसिंगच्या सपाट कडेपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. मधे दोरीचा फुगवटा उरेल. तो बघून हात शिवशिवतात आणि लोक टोकं कापतात. कापू नका. गोल दांड्याने, मधून सुरुवात करून दोन्हीकडे दाबत, सगळा फुगवटा खोबणीत बसवा. दोरी दाबून बसल्यामुळेच सील होते. टोकं वर ठेवायची ती दोन्ही अर्धे जुळल्यावर एकमेकांवर दाबली जाण्यासाठी. तिथे केसाएवढी फट राहिली तरी नेमकी तिथूनच गळेल.

दोरीला आतून ग्राफाइट ग्रीस चोळा. जुळणाऱ्या कडांना पातळ जॉइंटिंग कंपाऊंड लावून दोन्ही अर्धे क्रँकभोवती एकमेकांना जोडा, पण ब्लॉकला अजून आवळू नका. आधी पूर्ण हाउसिंग हाताने क्रँकवर इकडे-तिकडे फिरवा. दोरी बसते आणि हाउसिंग क्रँकच्या मध्यावर येतं. ही पायरी चुकली तर दोरी एका बाजूला दबते, दुसरीकडे सैल राहते. मगच नव्या पॅकिंगसह ब्लॉकला बोल्ट लावा आणि शेवटी दोन अर्ध्यांमधले बोल्ट पूर्ण आवळा. पहिला अर्धा तास वेग वाढवू नका. दोरी मुळातच थोडी पाझरते, रात्रीत एखाद-दुसरा थेंब पडला तर ती तिची प्रकृती समजा.

आता घाट. इथेही आधी काटा खरा बोलतोय का ते बघा. त्याचा बल्ब, म्हणजे इंजिनात बसणारं तापमान मोजणारं टोक, काढून उकळत्या पाण्यात धरा. कराडच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, काट्याने तेवढं दाखवलं पाहिजे. मग इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा इंजिन गार असतानाच वरचा होज मिनिटभरात दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅसकेट. तसं असेल तर रेडिएटरवर खर्च करून उपयोग नाही.

सगळ्यात उपयोगी मोजमाप म्हणजे रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीच्या तापमानातला फरक. इन्फ्रारेड थर्मामीटरने, चढावर माल घेऊन पाच मिनिटं चालवल्यावर लगेच घ्या. काळ्या रंगावर नेम धरा, चमकत्या पितळेवर तो खोटं बोलतो. फरक सहा ते दहा अंश असेल तर पाणी नीट फिरतंय. वीस अंशांच्या घरात गेला तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे कोअरच्या (रेडिएटरच्या मधल्या जाळीच्या) नळ्या तुंबल्या, पंपाची पाती झिजली, पट्टा घसरतोय, किंवा खालचा होज ओढीने चपटा होतोय. त्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते, ती गंजून तुटली की बाहेरून काही कळत नाही. याउलट फरक अगदी कमी आणि दोन्ही टाक्या तापलेल्या, तर हवा कमी पडते.

थर्मोस्टॅट काढून टाकला आहे का? आपल्याकडे तो काढणं हा पहिला उपाय समजला जातो आणि तोच चुकीचा. तो नसला की बायपासचं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि सपाटीवर इंजिन कधी नीट गरमच होत नाही. गार इंजिनात ऑइलमध्ये पाणी आणि गाळ साठतो, लायनर झिजतो, बॅक कॉम्प्रेशन वाढतं. म्हणजे घाटातल्या तापण्यावर केलेला उपाय गळती वाढवतो. ८२ अंशांचा नवा बसवा, आणि बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसोबत टाकून किती अंशांना उघडतो ते बघा.

ब्लॉकचा नळ उघडून पाणी धार धरून येत नसेल तर तारेने खरवडा. मागच्या दोन सिलिंडरांभोवती गाळ हातभर साठलेला असतो, आणि तुम्ही बोअरचं पाणी भरत असाल तर क्षारही. २० लिटर पाण्यात एक किलो सायट्रिक ॲसिड घालून इंजिन गरम असताना अर्धा-पाऊण तास फिरवा, काढा, स्वच्छ पाणी येईस्तोवर खालून वर उलटं धुवा. ॲसिड रात्रभर ठेवू नका, डाख खातं. त्यानंतर डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे तीस टक्के कूलंट पुरेसं आहे. ते घालायचं गंज रोखण्यासाठी, आणि टक्का वाढवला तर उलट पाण्याची उष्णता वाहायची ताकद कमी होते.

मग अपग्रेड. क्रमाने सांगतो, आणि पहिल्या दोनवरच काम भागण्याची शक्यता जास्त.

पहिलं, पंख्याभोवती काउल, म्हणजे पत्र्याचं वेष्टन. बऱ्याच जुन्या गाड्यांचं ते कधीतरी काढून फेकलेलं असतं. त्याशिवाय पंखा कोअरच्या मधली हवा तेवढी ओढतो, कोपरे नुसते तापतात, आणि मंद गतीत गरम हवा कडेने पुन्हा पुढे येते. १८ गेजच्या पत्र्याचं करून घ्या. पात्याच्या टोकापासून सगळीकडे १५ ते २० मिलिमीटर जागा, पात्याची निम्मी ते दोन-तृतीयांश खोली काउलच्या आत. इंजिन रबरावर हलतं, म्हणून जागा याहून कमी ठेवू नका. चार पात्यांचा पंखा असेल तर सहा पात्यांचा लावा.

दुसरं, पितळी रेडिएटरच नवा कोअर टाकून घ्या, तीनऐवजी चार ओळींचा. कोअर करणारा दाट फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) सुचवेल, नको म्हणा. इंचाला दहा-अकरा फिन पुरे. उसाची पाचट आणि धूळ दाट फिनमध्ये अडकते, त्यात इंजिनच्या ऑइलची वाफ बसली की पंधरा दिवसांत गादी तयार. झाकण ७ पौंडांचं ठेवा. एका पौंडाने उकळबिंदू साधारण दीड अंश वर जातो, म्हणून १५ पौंडांचं लावायचा मोह होतो, पण जुन्या टाकीचे डाख आणि हीटरचे होज ते सोसत नाहीत.

इलेक्ट्रिक पंखे मी सांगणार नाही. घाटात ताशी पंधरा-वीसच्या वेगाला पुढून वारा मिळत नाही, सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते, आणि चौदा इंची दोन पंख्यांना मिळून २५-३० अँपिअर लागतात. तुमचा मूळ डायनॅमो असेल तर तो तेवढं देऊ शकत नाही. ॲल्युमिनियम रेडिएटर हलका आणि चांगला, पण ट्रकची चासी खराब रस्त्यावर पीळ खाते आणि वेल्डिंगचे कोपरे तडकतात. पितळी टाकीला चिपळूणच्या बाजारात कुणीही डाख देईल.

एक शेवटचं कारण पंप-नोझलचं. कुणी ‘ओढ वाढवायला’ पंपाचं डिझेल वाढवलं असेल तर चढावर काळा धूर निघतो आणि त्या जादा उष्णतेचा भार पाण्यावरही येतो. टायमिंग मागे पडलं असेल तरी तेच. पंप रूममध्ये कॅलिब्रेट करून घ्या. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नका, एक गिअर खाली घेऊन १८०० ते २२०० च्या आसपास ठेवा. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही क्रँकच्या वेगावर चालतात, हळू इंजिनात त्यांच्याकडून काम होत नाही.

आणि घाटात काटा वर गेलाच, तर कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलला हजार-बाराशेवर चार-पाच मिनिटं चालू ठेवा, पंखा आणि पंप फिरत राहू द्या. काटा उतरल्यावर बंद करा. झाकण अर्धा तास उघडू नका, आणि तापलेल्या ब्लॉकवर बाहेरून बाटली ओतू नका.